अर्ज कुणाला, ठराव कशाला? गावच्या जमिनीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांतले दुखणे एकच आहे. अर्जदाराची बाजू खरी असते, पण अर्ज अशा कार्यालयात जातो ज्याच्या हातात तो अधिकारच नाही. ग्रामपंचायत म्हणते हे महसूलचे काम, तलाठी म्हणतो हे पंचायतीचे, आणि तेवढ्या काळात पत्र्याच्या शेडचे पक्के घर होते. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी दोन गोष्टी पाहिल्या आहेत: ती जागा कागदावर कुणाची, आणि तिच्याबद्दल आदेश काढायचा अधिकार कुणाला.

पदनामांबद्दल एक सूचना. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे नाव दिले गेले, आणि तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. अर्जावर नवे नाव घाला. बोलण्यात जुनेच चालते, खालीही तेच वापरले आहे.

प्रश्न : गावठाणातले घर आजोबांच्या नावावर होते. चुलत्यांनी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला परस्पर स्वतःचे एकट्याचे नाव लावून घेतले. आता ते घर विकायला काढले आहे. आमचा हक्क गेला का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : हक्क गेलेला नाही. नमुना 8 ही ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. घरपट्टी कुणाच्या नावे आकारायची एवढ्यासाठी ती असते. तिच्यात मालकाच्या नावाचा रकाना असल्यामुळे लोक तिला घराचा सातबारा समजतात. कराच्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. यातच आणखी एक गोंधळ होतो. तलाठ्याकडचा '8-अ' वेगळा, ग्रामपंचायतीचा 'नमुना 8' वेगळा. 8-अ मध्ये एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते असते. गावठाणातल्या घराशी त्याचा संबंध नाही. अर्जात नुसते 'आठचा उतारा' लिहिले की कारकून भलताच कागद हातात ठेवतो.

तरीही गप्प बसू नका. त्या नोंदीचा उतारा दाखवूनच गिऱ्हाईक गाठले जाते आणि खरेदीखत नोंदवले जाते. एकदा तिऱ्हाईत माणूस घरात आला की भाऊबंदकीचा दावा तिप्पट किचकट होतो.

पहिले काम म्हणजे नाव नेमके कुठे बदलले ते शोधणे. फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते, म्हणजे 20 वर्षांत सुमारे पाच नोंदवह्या होतात. त्या सगळ्यांतल्या तुमच्या मिळकतीच्या पानांच्या साक्षांकित प्रती मागा. नाव अनेकदा फेरआकारणीच्या वर्षी बदललेले दिसते, कारण जुनी वही नव्या वहीत उतरवताना कोणी विचारत नाही. मग बदल ज्या आधारे झाला तो अर्ज, सोबतची कागदपत्रे आणि मासिक सभेचा ठराव क्रमांक मागा. वारसाने आपला वाटा सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, विकला असेल तर नोंदणीकृत खरेदीखत. नोटरी केलेला साधा कागद किंवा 'इतर वारसांची हरकत नाही' असे चुलत्यांनी स्वतःच केलेले प्रतिज्ञापत्र तुमचा वाटा संपवू शकत नाही. फाइलमध्ये एवढेच निघाले तर नोंद पूर्ववत करण्याचा अर्ज ग्रामपंचायतीला द्या आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. मात्र मालक कोण हा वाद ग्रामपंचायतही सोडवू शकत नाही आणि गटविकास अधिकारीही नाहीत. विक्रीची बोलणी सुरू असतील तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज लगेच दाखल करा. ग्रामपंचायतीच्या उत्तराची वाट पाहत हे काम लांबवू नका.

गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली आहे का, तेही पाहा. केंद्राने ही योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू केली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी गावठाणाची अशी मोजणी करून पाहिली गेली होती. ड्रोन उडवण्याआधी प्रत्येक मिळकतीची हद्द जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखतात. ड्रोनला वरून छप्पर दिसते आणि ती पांढरी रेघ दिसते, मालकी दिसत नाही. त्या दिवशी जो हजर असतो त्याच्या सांगण्यावरून फक्की पडते. परसाची मोकळी जागा, दोन घरांमधली बोळ, पागोळ्या पडतात ती दीड हाताची पट्टी, सारी भांडणे इथेच होतात. त्यानंतर भूमी अभिलेखचा चौकशी अधिकारी नोटीस काढून कागद तपासतो आणि मग मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार होते. आजोबांच्या काळातली घरपट्टीची पावती, जुना नमुना 8, वंशावळ आणि मृत्यूचे दाखले घेऊन लेखी हरकत या चौकशीतच नोंदवा. निर्णय विरुद्ध गेला तर भूमी अभिलेख खात्याच्या वरिष्ठांकडे अपील करता येते, त्याची मुदत 60 दिवसांची.

प्रश्न : गायरानावर तारकुंपण घालून काही जणांनी जागा अडवली. ग्रामपंचायतीला तीन अर्ज दिले, उत्तर नाही. आता काय करावे? (काही ग्रामस्थ, बीड जिल्हा)

उत्तर : आधी त्या गटाचा सातबारा काढा. बहुतेक ठिकाणी गायरानाच्या मालकीच्या रकान्यात 'महाराष्ट्र शासन' किंवा 'सरकार' असते आणि ग्रामपंचायतीकडे फक्त देखभाल असते. मालक शासन असल्यामुळे अतिक्रमण हटवायचा मुख्य रस्ता महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 50 चा, आणि तो तहसीलदारांमार्फत जातो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली गावातले सार्वजनिक रस्ते आणि मोकळ्या जागा यांवरचे अडथळे ग्रामपंचायत स्वतः काढू शकते, पण जागा शासनाची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पंचायत हलत नसेल तर त्याच कलमाखाली जिल्हाधिकारी स्वतः कारवाई करू शकतात. म्हणून चौथा अर्ज पुन्हा सरपंचांना देऊ नका. तो तहसीलदारांना द्या, प्रत ग्रामपंचायतीला.

अर्जाची भाषा महत्त्वाची आहे. 'गावात गायरानावर प्रचंड अतिक्रमणे झाली असून गोरगरिबांवर अन्याय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' असा अर्ज सहज दफ्तरी दाखल होतो, कारण त्यावर नेमके काय करायचे ते कारकुनाला त्यात सापडत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'मौजे अमुक येथील गायरान गट क्रमांक अमुक, पश्चिमेस ओढ्यालगत, अंदाजे 40 फूट रुंद आणि 60 फूट लांब जागेत सिमेंटचे 14 खांब रोवून तारकुंपण केले आहे. काम अमुक महिन्यात झाले. (1) या अतिक्रमणाची गाव नमुना 1-ई मध्ये नोंद आहे काय ते कळवावे. (2) नसल्यास मंडळ अधिकाऱ्यांकडून स्थळपाहणी व पंचनामा करून नोंद घ्यावी. (3) कलम 50 प्रमाणे नोटीस काढावी.' गाव नमुना 1-ई ही तलाठ्याकडची अतिक्रमणांची नोंदवही. पुढच्या कारवाईला आधार तिच्यातल्या नोंदीचाच, आणि ही नोंद मागायचे बहुतेक अर्जांत राहून जाते.

सोबत तीन गोष्टी जोडा: चालू सातबारा, गटाच्या नकाशावर अतिक्रमणाची जागा पेन्सिलीने दाखवलेली झेरॉक्स, आणि ओढा, विहीर किंवा विजेचा खांब अशी ठळक खूण मागे दिसेल असे दोन-तीन फोटो, मागे तारीख टाकून. नुसत्या कुंपणाचा जवळून काढलेला फोटो कुठलाही असू शकतो. शंभर सह्यांची पुरवणी लावायला हरकत नाही, पण पत्ता आणि मोबाइल क्रमांक एकाच अर्जदाराचा ठेवा, नाहीतर नोटीस कुणालाच लागत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पोच द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि वितरणाचा पुरावा जपून ठेवा.

तहसील कार्यालयातूनही उत्तर आले नाही तर 'दप्तर दिरंगाई कायदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2005 च्या अधिनियमाचा आधार घ्या. साधी फाइल कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. त्यानंतर तालुक्याचा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो ठरलेला दिवस, आणि तिथे निकाल लागला नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्ह्याचा. जिल्ह्यासाठी अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो, सोबत तालुक्याची पोच लागते. ती नसेल तर अर्ज परत येतो.

कायद्याचे पाठबळ भक्कम आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखायला सर्व राज्यांना सांगितले, आणि महाराष्ट्राने त्यावर 12 जुलै 2011 रोजी शासन निर्णय काढला. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 22-अ ने तर गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यालाच आळा घातला आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. गायरान कसणारा प्रत्येक माणूस धनदांडगा नसतो. मराठवाड्यात भूमिहीन दलित आणि आदिवासी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसले आहे, आणि 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली त्यांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 रोजी निघाला होता. त्यांतल्या अनेकांचे कागद आजही अडकून आहेत. 'सगळी अतिक्रमणे काढा' असा सरसकट अर्ज दिला की पहिली नोटीस याच माणसांना लागते आणि बंगल्याचे कुंपण उभे राहते ते राहतेच. म्हणून अर्जात गट, बाजू आणि माप लिहा, गावावर सरसकट बोट ठेवू नका.

प्रश्न : आमच्या गावची ग्रामसभा दर वेळी कोरम नाही म्हणून तहकूब होते. मागच्या वेळी आम्ही मांडलेला ठराव इतिवृत्तात आलाच नाही. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. गावात 500 मतदार असतील तर 75, दोन हजार असले तरी 100 पुरेत. मोठ्या गावात '15 टक्के म्हणजे तीनशे लोक पाहिजेत' असे सांगून सभा मोडली जाते, ते चूक आहे. हजेरी वहीवर सही म्हणजेच उपस्थिती. म्हणून आल्याबरोबर सही करा, सभा संपताना नाही. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. पहिल्या नोटिशीत तुमचा विषय नसेल तर तहकूब सभेत तो मांडायला जागाच उरत नाही. खरी मेख इथे आहे.

यावर तोडगा नोटिशीच्या आधीच करायचा असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी काढावी लागते, विशेष सभेची चार दिवस. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत, तेव्हा त्यांच्या तीन आठवडे आधी 'पुढील विषय विषयपत्रिकेवर घ्यावा' असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात जमिनीचा विषय टाकू नका. तिथे चर्चा होते, ठराव होत नाही.

ठराव तोंडी मांडू नका. घरीच लिहून आणा: विषय, गट क्रमांक, नेमकी मागणी, कुठल्या कार्यालयाला पाठवायचा, सूचक आणि अनुमोदक यांची नावे. वाचून दाखवा, हात वर करून मतदान मागा, बाजूने व विरुद्ध किती हात ते मोठ्याने मोजायला लावा आणि तो कागद अध्यक्षांच्या हातात पोच घेऊन द्या. एवढे केले की 'असा विषय झालाच नाही' म्हणणे अवघड होते. आठवड्याभरात इतिवृत्ताची प्रत मागा. ठराव गाळला असेल तर पोच जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करा, आणि पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त कायम करण्याचा विषय आला की उठून हरकत नोंदवा. तो क्षण गेला की गाळलेले इतिवृत्त कायम होते.

सभाच घेतली जात नसेल तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्यांनी मागणी केली की सरपंचांना सभा बोलवावीच लागते. पुरेशा कारणाशिवाय सभा टाळणाऱ्या सरपंचांचे पदही जाऊ शकते, तो निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा.

प्रश्न : शेजारच्या शेतकऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. ऊस बाहेर काढायचा कसा? ग्रामपंचायतीने ठराव दिला, तरी रस्ता मिळत नाही. (एक शेतकरी, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ग्रामपंचायतीच्या ठरावाने खासगी गटातला रस्ता उघडत नाही. अधिकार तहसीलदारांचा आहे आणि त्याची दोन वेगळी दारे आहेत. रस्ता आधीपासून वापरात होता आणि कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चे कलम 5. इथे अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. रस्ता मुळात नव्हताच आणि बांधावरून नव्याने हवा आहे, तर जमीन महसूल अधिनियमाचे कलम 143. तुमचा पहिल्या प्रकारचा आहे. कलम 143 खाली अर्ज देऊन बसलात तर 'पूर्वी रस्ता नव्हता' हे तुम्हीच कबूल केल्यासारखे होते, आणि सहा महिने निघून गेले की मागे फिरायची वाट राहत नाही. नांगरटीची तारीख आजच लिहून ठेवा.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या. त्यावर एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीरस्ता, रुंदी साडेसोळा ते 21 फूट. तुमची वाट नकाशावर असेल तर प्रकरण निम्मे जिंकलेच. नसेल तर वहिवाटीचा पुरावा लागेल: लगतच्या दोन-तीन शेतकऱ्यांचे जबाब, जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमेत 'पूर्वेस गाडीवाट' असा उल्लेख, कारखान्याच्या ऊसतोडीच्या पावत्या. अर्जाला तुमचा आणि लगतच्या सर्व गटांचा ताजा सातबारा, त्या खातेदारांची नावे-पत्ते आणि कच्चा नकाशा जोडा. एकाही लगतच्या खातेदाराचे नाव सुटले तर तो नंतर अपिलात येतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. तहसीलदार स्थळपाहणीला येतील त्या दिवशी नांगरटीखाली दबलेली जुनी चाकोरी, बाजूची बाभळींची ओळ, दगडी बांधातली फट दाखवा. जमिनीतली जुनी चाकोरी साक्षीदारापेक्षा जास्त बोलते.

प्रश्न : सरपंचांचे घर गावठाणातल्या सार्वजनिक जागेवर आहे. ते म्हणतात, अतिक्रमण माझ्या सासऱ्यांनी केले, माझा संबंध नाही. (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ज-3) प्रमाणे शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. अतिक्रमण मुळात घरातल्या वडीलधाऱ्यांनी केले, तरी त्याच घरात राहून ते पुढे चालवणारा सदस्यही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले. पण हे वाचून लगेच अर्ज टाकू नका. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने तुमच्याच जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांची अपात्रता रद्द केली आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, विशेषतः ग्रामीण भागातल्या महिलेला, हलक्या हाताने पदावरून काढू नये असे सुनावले. त्या कुटुंबापासून वेगळ्या राहत होत्या, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणजे सिद्ध दोन गोष्टी करायच्या आहेत: जागा सार्वजनिक आहे (मोजणीचा नकाशा, मिळकत पत्रिका) आणि सरपंच खरोखर तिथे राहतात (मतदार यादीतला घर क्रमांक, शिधापत्रिका, वीजबिल). अर्ज कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे. मोजणी नसेल तर प्रकरण टिकत नाही. निवडणुकीतल्या रागासाठी हे कलम वापरण्याचा मोह गावोगाव दिसतो, आणि त्याचा फटका बहुतेक वेळा पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेल्या बाईला बसतो.

प्रश्न : मी मुंबईला असतो, मतदानही मुंबईतच आहे. गावच्या ग्रामसभेत मला बोलता येईल का? (एक चाकरमानी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीतले लोक. तुमचे नाव तिथे नसेल तर मत नाही आणि ठरावाला सूचक होता येत नाही. नाव दोन ठिकाणी ठेवणे बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका. पण मिळकतदार म्हणून अर्ज, हरकत, अपील यांतले काहीही तुमच्यासाठी बंद नाही. ड्रोन मोजणी, फेरआकारणी आणि फेरफाराची नोटीस या तीन वेळा चुकवू नका. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला 15 दिवस मिळतात आणि नोटीस गावातल्या बंद दारावर चिकटवून पुरी होते. शेजारच्या विश्वासू माणसाला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवा.

प्रश्न : बांधकाम परवानग्यांची माहिती माहिती अधिकारात मागितली. 'अभिलेख उपलब्ध नाही' असे एका ओळीचे उत्तर आले. (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : 'उपलब्ध नाही' हे उत्तर म्हणजे शेवट नव्हे. कागद कधी तयारच झाला नाही, गहाळ झाला की नियमाप्रमाणे नष्ट केला, हे सांगावे लागते. नष्ट केला असेल तर अभिलेख नाशनाची नोंद दाखवावी लागते. गहाळ झाला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 खाली जबाबदारी ठरते. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील करा. ग्रामपंचायतीसाठी ते सहसा पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडे जाते, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अपिलाचा निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. नाही लागला किंवा पटला नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील.

मूळ अर्जातही दुरुस्ती करा. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. 'गेल्या दहा वर्षांतील सर्व परवानग्या का दिल्या' असे विचारू नका. 'का' ला उत्तर देणे बंधनकारक नाही, कागद देणे आहे. 'दि. अमुक ते अमुक या काळातील बांधकाम परवानगी नोंदवहीच्या प्रती आणि मिळकत क्रमांक अमुकच्या परवानगीच्या फाइलमधील सर्व कागद' असे मागा. त्याहून सोपे म्हणजे अभिलेख पाहणी मागणे. पहिला तास विनामूल्य असतो. टेबलावर बसून नोंदवही चाळली की कुठली प्रत हवी ते नेमके कळते, आणि दोन रुपये पानाने शंभर निरुपयोगी कागद घ्यावे लागत नाहीत. एक वही आणि जोडीला एक माणूस घेऊन जा.

प्रश्न : गावठाणाला लागून पाच गुंठे आहेत. ग्रामपंचायत ना-हरकत दाखला द्यायला तयार आहे. घर बांधावे का? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : त्या दाखल्यावर बांधू नका. ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी गावठाणाच्या हद्दीत चालते. हद्दीबाहेर ती जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, आणि तुमच्या भागात विकास प्राधिकरण असेल तर त्याच्याकडून घ्यावी लागते. ना-हरकत दाखला म्हणजे ग्रामपंचायतीला अडचण नाही एवढेच. बँक त्यावर कर्ज देत नाही आणि उद्या पाडकामाची नोटीस आली तर तो दाखवून उपयोग होत नाही.

मात्र तुमच्यासाठी सोय आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 42-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन ठरलेली रक्कम भरल्यावर निवासी वापराची मानली जाते. फसगत होते ती 200 मीटर मोजण्यात. अंतर गावठाणाच्या नकाशातल्या हद्दीपासून धरतात, गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. गेल्या 30-40 वर्षांत गाव रस्त्याच्या कडेने वाढलेले असते, पण नकाशातले गावठाण चावडी आणि देवळाभोवतीच असते. मोजणीच्या नकाशावर अंतर काढून घ्या. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे शासनाच्या अटींवर धारण केलेली, असेल तर आधी परवानगी आणि नजराणा. सातबाऱ्यावर डाव्या बाजूला वर्ग लिहिलेला असतो, तो पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. पाच गुंठे मोठ्या गटातून तोडून घेतलेले असतील तर तुकडेबंदी कायद्यात तो व्यवहार बसतो का, हेही नोंदणीआधी तपासा. अकृषिक परवानगीचे आणि तुकड्यांचे नियम अलीकडे बरेचदा बदलले आहेत, तेव्हा शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर जाऊ नका. तहसील कार्यालयात आजचा नियम विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : आमचा पाडा ग्रामपंचायतीच्या गावापासून सहा किलोमीटर दूर आहे. जमिनीचे ठराव आमच्या माघारी होतात. (काही ग्रामस्थ, पालघर जिल्हा)

उत्तर : तुम्ही अनुसूचित क्षेत्रात आहात, म्हणून पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू होतो. 1996 च्या या कायद्यात आणि महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांत पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते, मग त्याची ग्रामसभा वेगळी होते. पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांच्या सह्यांचा ठराव करा. त्यात पाड्याच्या पारंपरिक सीमा ओढा, डोंगरधार, देवाची जागा अशा खुणांनी लिहा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. शेजारच्या पाड्यांशी सीमेवर आधी बसून बोलून घ्या, कारण पडताळणीत वाद निघाला की प्रस्ताव तिथेच थांबतो. तोवर कुणी आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर करत असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 36-अ खालची परवानगी आहे का ते तहसीलदारांना लेखी विचारा. ती नसेल तर तो व्यवहार उभा राहत नाही, ग्रामपंचायतीचा ठराव असला तरीही.